आजोबांचा दुखरा पाय

मागच्या बुधवारी आजोबांचा डावा पाय दुखत होता. आज ते उजव्या पायाने लंगडत दार उघडायला आले.

बाईंनी चष्मा सारखा केला. पस्तीस वर्षं शाळेत शिकवताना पोटदुखीची सोंगं त्यांनी ढिगाने पाहिली होती. पण ती मुलं होती. हे आजोबा चांगले सत्तरीचे.

“कसं आहे गुडघ्याचं?”

“काय सांगू बाई, जीव नकोसा झालाय,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी चोरून बाईंबरोबर आलेल्या शिवणताईकडे पाहिलं. शिवणताईने घाईघाईने डोळे मिटून प्रार्थनाच सुरू केली.

शहरातल्या चार चर्चच्या मंडळ्या मिळून घरभेटीचं काम चालवत. कोणी आजारी, कोणी एकटं, त्याच्याकडे दर आठवड्याला जायचं, विचारपूस करायची, प्रार्थना म्हणायची. नियम दोनच. जोडीने जायचं, आणि आपल्या मंडळीतल्या माणसाकडे आपण जायचं नाही. ओळखीच्या घरी नुसत्या गप्पा होतात, असं पाळकसाहेबांचं म्हणणं.

बाईंच्या जोडीला म्हणूनच दुसऱ्या मंडळीतली शिवणताई होती. ती कपडे शिवायची. भेटीची कार्डंही तीच लिहायची. ज्याला भेटायचं त्याच्या नावाचं एक कार्ड, आणि नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाईंसारखी सुंदर अक्षराची बाई जोडीला असताना पाळकसाहेबांनी कार्डं त्या पोरीकडे द्यावीत, हे बाईंना दीड वर्ष खुपत होतं.

शिवाय पोरगी नको तितकी चौकस. दर बुधवारी बाईंना घ्यायला दहा मिनिटं आधीच यायची. काल काय खाल्लंत, गोळ्या संपल्या का, झोप लागते का? पाणी घ्यायचं निमित्त करून फ्रिज उघडायची आणि आत डोकावायची.

दुसऱ्या घरी काकू होत्या. सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या, असं बाईंना सांगण्यात आलं होतं. काकूंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं होतं. पण दाराशी छत्री उघडी ठेवलेली होती आणि तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. त्या घरात काकूंशिवाय कोणी राहत नव्हतं.

तिसऱ्या घरी मामा. त्यांना दिसत नसे, म्हणून बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. आज बाईंनी मुद्दाम मधली एक ओळ गाळली.

“एक ओळ राहिली, बाई,” मामा म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. “म्हणजे... आपला एक अंदाज.”

बाई उठल्या आणि भिंतीवरचा फोटो बघू लागल्या. मंडळीच्या कुठल्याशा सहलीचा फोटो होता. मागे मामा, काकू आणि आजोबा ताठ उभे होते. पुढे मांडी घालून शिवणताई बसली होती.

परतताना बाईंनी विषय काढला.

“तिघंही तुझ्याच मंडळीतले ना गं?”

शिवणताई थबकली. “बाई, सकाळची गोळी घेतलीत ना?”

“विषय बदलू नकोस.”

“पुन्हा पाऊस येईल. चला, घरी सोडते.”

तिने बाईंना दारापर्यंत सोडलं आणि नेहमीसारखी आतून कडी लागेपर्यंत जिन्यात उभी राहिली.

बाईंनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दूर, तिचे फोन ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाक्यांचे. आठवड्यात बुधवार हा एकच दिवस असा होता की बाई गजर लावून उठायच्या. ही तीन घरं यादीतून गेली तर तो बुधवारही जाणार होता. या विचाराने त्यांना रडू फुटलं. मग त्यांना स्वतःचाच राग आला. खोटं ते खोटं. त्यांनी चपला घातल्या.

चार वाजता पाळकसाहेब कचेरीत पत्रं लिहीत बसले होते.

“तिन्ही नावं काढून टाका. आजच्या आज,” बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. “त्या पोरीने नियम धाब्यावर बसवून स्वतःची माणसं यादीत घुसवलीत. धडधाकट आहेत तिघं! कुठेतरी एखादं खरंच एकटं माणूस दार लावून बसलं असेल, आणि मी या सोंगाड्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतेय!”

पाळकसाहेबांचा चेहरा पडला.

“नियम मोडलेला नाही, बाई.”

“मग दाखवा कार्डं.”

“बसा आधी. धाप लागलीय तुम्हाला. मी पाणी आणतो.”

ते पाणी आणायला गेले. टाळाटाळ बाईंना बरोबर कळली. कार्डांची पेटी टेबलावरच होती. त्यांनी ती जवळ ओढली आणि बुधवारचा कप्पा उघडला.

तीन कार्डं असायला हवी होती. एकच होतं.

बाईंनी ते उजेडात धरलं. तेच कोंबडीचे पाय. वरच्या ओळीत बाईंच्या स्वतःच्या घराचा पत्ता होता.

त्याखाली दीड वर्षापूर्वीची पहिली नोंद होती. ‘पती गेल्यापासून घराबाहेर पडत नाहीत. मदत घेणार नाहीत. मदत करायला बोलावलं तर येतील.’ मग एकेका बुधवारची एकेक ओळ. ‘जेवल्या नव्हत्या.’ ‘गोळ्या आणून दिल्या.’ ‘आज हसल्या.’

शेवटची नोंद आजची होती.

‘बाईंना संशय आलाय. तिन्ही घरी निरोप द्यावा. आजोबांचा दुखरा पाय डावा.’