मागच्या दारातून

नव्या ट्रामच्या चाचणीसाठी प्रत्येक सीटवर माणसाऐवजी वाळूचं पोतं बसवलं होतं. ट्रामच्या कामासाठी रस्त्यावर कुंपणाचे पत्रे ठोकणारा फिटर आत, मागच्या दारापाशी उभा होता.

त्याच्या घरासमोरचे पत्रेही त्यानेच ठोकले होते. "एक पत्रा सैल ठेव, अडीनडीला उपयोगी पडेल," बायको म्हणाली होती.

"तुझा ठेवला तर सगळी गल्ली मागेल," तो म्हणाला होता.

महिन्याभरात तिच्या छातीत कळ आली. स्ट्रेचर पत्र्यांना वळसा घालून न्यावं लागलं. ती परत आली नाही.

आज सकाळी त्याने ते पत्रे काढले होते.

घरासमोरचा थांबा आला आणि उतरणाऱ्यांची घंटी वाजली.

"पोत्यांना उतरायचंय वाटतं!" ड्रायव्हर हसला. त्याने दार उघडलं.

एकही पोतं हललं नाही. पण कुणी पायरी उतरावं तशी गाडी जराशी उचलली गेली.

दार मिटलं. ट्राम हळूहळू निघाली.

पर्समध्ये किल्ली असूनही ती नेहमी दोनदा बेल वाजवायची. म्हणायची, "तू दार उघडलंस की घरी आल्यासारखं वाटतं."

मागे, त्याच्या कुलूपबंद घराची बेल दोनदा वाजली.

मग जरा थांबून, पुन्हा दोनदा.