उंदराने कुरतडलेला स्पीकर

"वाजव गो आता," सुभद्रा म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत पलंगाच्या कडेला टेकली. दुरुस्त केलेला स्पीकर तिने तळमजल्यावरून स्वतः वर आणला होता. हितेंद्रला हातसुद्धा लावू दिला नव्हता. सुनेला द्यायची वस्तू, त्यात लेकाची लुडबुड कशाला?

सून अपेक्षा गिटार मांडीवर घेऊन नुसतीच बसली होती. एक रात्र माहीमला माहेरी राहून ती आत्ताच परतली होती. तेवढ्या वेळात सासूने बेत तडीस नेला होता.

पोरगी गुणाची. पण लग्नाला वर्ष होत आलं तरी सुभद्राला तिचा एक घोर होताच. ती काही मागायचीच नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तरी हूं नाही की चूं नाही. लालबागच्या याच खोलीत सुभद्रानेही नवी नवरी असताना मूग गिळून दिवस काढले होते. पाहुणी मागत नाही. घरची बाई मागते, नाक मुरडते, प्रसंगी भांडते. आपली सून अजून पाहुणीच आहे, हे सुभद्राला फार लागायचं.

अपेक्षाला नाद एकच, हेवी मेटल. जुन्या मेटलवाल्यांच्या गिटारचा तो जाडाभरडा, गुरगुरणारा आवाज तिला घरच्या घरी काढायचा होता. त्याची यंत्रं महाग. म्हणून भजनी मंडळाने जिन्याखाली टाकून दिलेला अँप्लिफायर, आतल्या स्पीकरसकट, तिने उचलून आणला आणि दर रविवारी त्याच्यामागे लागली. कधी बटणं पिळायची, कधी खोक्याच्या पाठीत गोधडी कोंबायची. आवाज यायचा तो फाटकाच. ऐकून सुभद्राचा जीव तुटायचा.

एकदा केर काढताना तिने त्या खोक्याच्या जाळीच्या आत डोकावून पाहिलं. स्पीकरच्या कागदी पडद्याला चिराच चिरा. मेल्या उंदराने कुरतडलेला दिसतोय, आणि ही पोर त्यावरच निभावून नेतेय, तोंडातून शब्द नाही. सुभद्राच्या डोळ्यांत पाणीच आलं. काल संधी मिळताच तिने स्पीकर खालच्या जगदीश रेडिओवाल्याकडे नेला आणि नवा कोरा कागद बसवून घेतला.

अपेक्षाने तार छेडली. आवाज आला स्वच्छ, गोड, देवघरातल्या घंटीसारखा. सुभद्रा धन्य झाली.

"छान झालंय, आई," अपेक्षा हसून म्हणाली. आणि गिटार पिशवीत घालू लागली.

आज रविवार, आणि रविवारी जेवणाची हाक मारल्याशिवाय अपेक्षा गिटार खाली ठेवत नसे. सुभद्रा काही दूधखुळी नव्हती.

"काय झालं गो? तुझ्या बँडचं गाणं आजच रेकॉर्ड करून पाठवायचंय ना?"

"पुढच्या वेळी पाठवू, आई. काही नाही झालं."

हितेंद्र दारातून काहीतरी सांगायला पुढे आला. सुभद्राने त्याला हातानेच थांबवलं. "तू नको. तिला बोलू दे."

अपेक्षा पिशवीच्या चेनशी चाळा करत राहिली. मग एका दमात तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

"आई, उंदीरबिंदीर काही नव्हता. त्या चिरा मी पाडल्या होत्या, ब्लेडने, एकेक करून. मला फाटकाच आवाज हवा होता, आणि तो मिळाला होता. मला न विचारता तुम्ही माझ्या वस्तूला हात का लावलात? मला हा स्पीकर नाही आवडला. अजिबात नाही आवडला."

आपण काय बोलून बसलो, या विचाराने अपेक्षाच घाबरली. माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण सुभद्रा तोवर उठली होती. तिचा चेहरा इतका फुलला होता की हितेंद्रला वाटलं, आईला काही कळलंच नाही.

पदर खोचून ती गॅलरीत गेली, कठड्यावरून वाकली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"जगदीशा, वर ये आणि ह्या स्पीकरला होत्या तशा चिरा पाड. सून भांडलीय माझ्याशी."