हरणाची जागा

या मायबाप, असे जवळ सरकून बसा; देवाला साक्षी ठेवून एक गोष्ट सांगतो.

शेहेचाळीस साली सांगलीच्या पूर्वेला मनुबाई मास्तरणींनी बालमंदिराच्या चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन माळावर खेळायची बाग मांडली. मोटेच्या जुन्या नाड्याचा झोका झाला, फुटक्या बांगड्यांची नक्षी झाली, पण रोप काही जीव धरेना. तेव्हा पाच वर्षांच्या हरणानं हट्ट धरून आपल्या धनगर बापाला खतासाठी आठ दिवस तिथं मेंढरं बसवायला लावली, तीही फुकट. बाग अशी तरारली म्हणता!

दसरा सरला, कळप चरायला परमुलखात निघाला.

"बाई, माझी जागा ठिवा हां," हरणा म्हणाली.

"ठेवते गं माझी बाय," म्हणत मनुबाईंनी तिला पोटाशी धरलं.

पुढच्या मृगाला कळप परतायच्या आत, मेंढरं बाग खातील म्हणून, मनुबाईंनी काटेरी कुंपण घालून फाटक बसवलं आणि मेंढरू दिसलं की द्यायची एक हाळी पोरांना शिकवली. नेमके ज्या दिवशी साहेब शाळा तपासायला आले, त्याच दिवशी हरणा एकटीच धावत आली.

"बाई, मी आली!"



"मेंढरू आलं, फाटक लावा!" पोरं एका सुरात ओरडली नि त्यांनी फाटक लावलं. "वा, काय शिस्त!" साहेब म्हणाले, आणि मनुबाईंनी मान लववून शाबासकी घेतली.

देवापुढं हात जोडाल, तेव्हा हरणाला आठवा.