पहिला भाग

धाकटा भाऊ दहा वर्षं माझ्या मागे लागला होता. "ताई, ही मालिका वाच. नऊ भाग, ड्रॅगन, आकाशात दोन चंद्र."

"आधी त्या दोन चंद्रांच्या भरती-ओहोटीचं गणित मांडून दाखव, मग वाचते."

आज लॅबमध्ये त्याच्या गाठीची स्लाइड मीच तपासली, तीनदा. डॉक्टर सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरवून संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "तुझ्या त्या मालिकेचा पहिला भाग दे बघू. वाचून टाकते एकदाची."

तो हसत उठला. कपाटातलं पुस्तक अर्धं बाहेर काढलं आणि तसाच पाठमोरा थांबला.

"रिपोर्ट आला वाटतं, ताई."