उरलेला माल

“साहेब, औषधाला कळतं का हो, कुठलं केळं युरोपला जाणार आणि कुठलं चोपड्यातच खपणार?”

‘हिंमत असेल तर विचारून दाखव,’ म्हणणाऱ्या मैत्रिणी मागे तोंड दाबून हसत होत्या. आयुषीने केळी बागायतदारांच्या भर सभेत विचारलं. निर्यात कंपनीच्या साहेबांनी नुकतंच बजावलं होतं, या औषधावर युरोपात बंदी आहे, निर्यातीच्या बागेत फवारू नका. इथल्या बाजाराच्या बागेत चालतं.

“पोर खरं बोली ऱ्हायनी!” शेतकऱ्यांतून रोहिदासनाना ओरडले.

“बेटा, कायदा तिकडच्या खाणाऱ्यांसाठी आहे,” साहेब तुटकपणे म्हणाले. केळीचे व्यापारी असलेल्या पप्पांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

घरी तोफखाना सुरू झाला. “चार माणसांत नाक कापलंस माझं! तुला काय करायच्यात या चौकशा?”

“आधी खाऊ तर द्या तिला,” म्हणत मम्मीने पुढ्यात ताटलीत केळं ठेवलं. इथल्याच बाजाराच्या गाडीतलं. चांगला माल गिऱ्हाइकाचा, उरलेला घरचा, ही दादाजींपासूनची रीत.

आयुषीने ताटली सरकवली.

“पप्पा, मम्मी, मी ठरवलंय. आजपासून या घरात मी युरोपची पाहुणी. मला तिकडचंच केळं द्यायचं.”