खिंडीतली देवी

“देवीचं नाव काय, आजी?” वनखात्याच्या शुभांगी मॅडमनी विचारलं.

“नाव ठेवायचं ऱ्हाऊन गेलं,” बनुबाई म्हणाली.

जालिंदरने कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. आठवडाभर तो आईकडून सगळं घोकून घेत होता. देवीचं नाव खिंडाई, ती नवसाला पावते, दर चैत्रात सगळा गाव बैलगाड्या जुंपून दर्शनाला येतो. आणि म्हातारीने पहिल्याच प्रश्नाला माती खाल्ली.

सगळा खटाटोप होता तो त्या वाटेसाठी. पारनेरकडच्या डोंगरात, वनखात्याच्या जमिनीतून ती खिंडीपर्यंत चढत जायची. जालिंदरने नागापूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून एक जुनी जीप घेतली होती. दर रविवारी तो शहरातल्या लोकांना दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून वर न्यायचा. पुण्या-नगरची मंडळी हाडं खिळखिळी करून घ्यायला हौसेने यायची. मग काहीजण स्वतःच्याच जीपा आणि मोटारसायकली घेऊन येऊ लागले. उतारावरचं गवत गेलं, माती ओढ्यात वाहून आली, आणि वाटेच्या तोंडाशी चर खणून ती बंद करायचं खात्याने ठरवलं. वाट गेली की जालिंदरचा धंदा गेला.

तेव्हा कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं की, जुनं देवस्थान असलं तर गावाची गाडीवाट बंद करत नाहीत. देवस्थान नव्हतं. ते करायला किती वेळ लागतो?

शेंदूर त्याने आणला. दगड कुठे मांडायचा ते मात्र बनुबाईने ठरवलं. त्याला खिंडीतली मोकळी जागा हवी होती, गाड्या लावायला सोयीची. ती म्हणाली, खालच्या बोरीखाली. जीप नेमकी तिथूनच वळायची, पण साक्ष म्हातारीचीच काढायची असल्याने त्याने वाद घातला नाही.

“तिला निनावीच म्हनत्यात, मॅडम,” जालिंदरने सावरून घेतलं. “निनावी आई. लई कडक देवी.”

“कडक न्हाई,” बनुबाई म्हणाली. “बारकी हाय. गरीब हाय.”

ती दगडाला टेकून बसली होती. ऊन कलतं झालं होतं. डोंगरभर कुसळी गवत पिकलं होतं, आणि त्यावरून वारा गेला की सगळा डोंगर झोपेत कूस बदलतो आहे असं वाटायचं. कुठेतरी खाली एक गाय हंबरली आणि पुन्हा सगळं शांत झालं.

“स्थापना कुणी केली?”

“ह्याच्या बापानं. तांबडं फुटायच्या आत घिऊन आला. बायांनी यायचं नसतं म्हनले समदे. मी मागनं आले. एकलीच.”

हे जालिंदरने शिकवलेलं नव्हतं. पण बापाचं नाव गोवल्याने गोष्टीला वजन आलं होतं. तो मनातल्या मनात खूश झाला.

“नैवेद्य काय दाखवता? पुरणपोळी?”

“ती खात न्हाई अजून,” बनुबाई म्हणाली. “दूध आनते कवा कवा. कोमट.”

मॅडमनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि त्याही खाली बसल्या. जालिंदर आईकडे बघतच राहिला. घरात ही बाई भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नसे, आणि इथे काय एकेक रचून सांगत होती! तिच्या त्या गुंगीतल्यासारख्या आवाजाने क्षणभर त्यालाही वाटलं की इथे खरंच कुणीतरी आहे. आईचा त्याला फार अभिमान वाटला.

“आणि लोक दर्शनाला बैलगाड्यांनी येतात, असं हे म्हणतात. खरं ना आजी?”

हाच प्रश्न महत्त्वाचा होता. जालिंदरने डोळ्यांनी आईला खुणावलं. होकार भरायचा, बस.

बनुबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. टायरांच्या खोल चाकोऱ्या बोरीच्या मुळांपर्यंत आल्या होत्या, तिकडे ती बघत होती.

“ती निजल्याली हाय, बाई,” ती म्हणाली. “गाड्या तिच्या अंगावरनं जात्यात. दर आयतवारी मला घरात ऐकू येतं. घास उतरत न्हाई मला. मानसं येऊ द्या, गुरं येऊ द्या. चाक नगं हितं.”

“आये!” जालिंदर ओरडला.

मॅडम उठल्या. “गाड्यांना ही वाट बंद,” त्या म्हणाल्या. “उद्याच चर खणायला सांगते. पायी येणाऱ्याला मात्र कुणी अडवणार नाही. तुमच्या देवीला कुणी धक्का लावायचा नाही, आजी.” त्यांनी दगडाला हात जोडले, बूट हातातच घेतले आणि गवतातून खाली उतरून गेल्या.

त्या दिसेनाशा होईपर्यंत जालिंदरने कसाबसा दम धरला.

“वाट उघडी ऱ्हावी म्हून देवी केली, आन तू तिच्याच नावानं बंद करून टाकलीस! आता जीप काय दारात उभी करून पुजू?”

तो तणतणत बोरीभोवती फिरला, दगडाला लाथ मारायला गेला आणि आपणच लावलेला शेंदूर बघून थांबला. शेवटी आईच्या शेजारी मटकन बसला. रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

“पर बोललीस लई भारी,” तो म्हणाला. “मॅडमच्या डोळ्यात पानी आलं. म्या शिकवलं काय आन तू बोललीस काय! एवढं समदं सुचलं कुठनं गं तुला?”

बनुबाईने पदर ओला केला आणि दगडावरचा शेंदूर पुसायला घेतला.

“तुज्या आदी मला पोरगी झाल्ती,” ती म्हणाली. “हितंच पुरलीया तिला.”