खास डबा

गाडी सुटायच्या बेतात असताना साहेब फलाटावर आला, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. तिसऱ्या वर्गाच्या खिडकीतून त्याला ड्रायव्हरची बायको दिसली. लाकडी बाकावर गुडघे पोटाशी घेऊन ती पडली होती, आणि शेजारी बसलेली सुईण तिच्या तोंडावरचा घाम पुसत होती.

काय झालं, असं साहेबाने विचारलं. सुईणीने सांगून टाकलं की पोर कालपासून अडली आहे, मूल आडवं आहे आणि आपण हात टेकले आहेत. आज शहरातल्या दवाखान्यात पोचली तर दोन्ही जीव राहतील. शहराची मोठी सरकारी गाडी जंक्शनवर संध्याकाळी एकदाच मिळायची. ती चुकली की थेट उद्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. ती चिंचोळ्या रुळांची, खेळण्यातली वाटावी अशी गाडी, तिचं एकुलतं एक इंजिन, डबे, शेड, सगळं त्याच्या कंपनीचं होतं. गाडीवर जगणारी माणसंही तो आपलीच समजायचा, आणि आपल्या माणसांचं भलं करायची त्याला फार हौस होती. त्याचे डोळे भरून आले. त्याने हुकूम सोडला, माझा खास डबा जोडा, त्यात गादी आहे, हिला तिथे निजवा.

ड्रायव्हरने इंजिनावरून उडी मारली आणि धावत येऊन हात जोडले.

"नको साहेब. आहे तिथेच बरी आहे ती. आम्हाला नुसतं सुटू द्या."

भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली होती. पण साहेबाला तो संकोच वाटला, आणि गरिबाचा संकोच त्याला फार आवडायचा. त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाजू नकोस. गाडी माझी आहे. मी म्हणेन तेव्हा सुटेल."

मोठी गाडी तुमची नाही, हे स्टेशनमास्तरच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. साहेबापुढे 'पण' म्हणायची सवय त्या फलाटावर कुणालाच नव्हती.

खास डबा शेडच्या पार टोकाला उभा होता आणि त्याच्या पुढ्यात दगडांनी भरलेल्या वाघिणी. मग ड्रायव्हरने गाडीला जोडलेलं आपलं इंजिन आपल्याच हाताने सोडवलं. वाघिणी ओढून बाहेर काढल्या, बाजूच्या रुळावर ढकलल्या, डबा आणून गाडीच्या शेपटाला लावला, आणि इंजिन पुन्हा पुढे घेतलं. साहेब तोवर गादी झटकून घेत होता. पाण्याची सुरई त्याने स्वतः आत नेऊन ठेवली. हमालांनी बायकोला उचलून नेलं तेव्हा तिने एवढंच विचारलं की गाडी का थांबली आहे.

गाडी सुटली तेव्हा साहेब रुमाल हलवत होता.

जंक्शनला कळवायची सोय नव्हती. त्या लाइनीवर तार घातलेलीच नव्हती. इंजिन एकच, समोरून येणार कोण, असा कंपनीचा हिशेब. फायरमन हा बायकोचा सख्खा भाऊ. तो म्हणाला, "दाजी, धक्के बसतील तिला."

"बसू दे. कोळसा टाक."

एरवी ही गाडी चढाला लागली की उतारू खाली उतरून पाय मोकळे करत आणि चालत चालत पुन्हा चढत. त्यावरून गावोगाव चेष्टा चालायची. आज कुणी उतरलं नाही. काही जण खिडकीतून बाहेर वाकून नुसते पुढे बघत राहिले.

शेवटचा मैल धाकटे आणि मोठे रूळ शेजारून जात. वळण संपलं आणि ड्रायव्हरला जंक्शन दिसलं. मोठी गाडी उभी होती. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं. त्याने शिटीची दोरी खेचली ती सोडलीच नाही. लांब, मग तुटक, मग पुन्हा लांब. थांबा, असं तिच्यातून जेवढं म्हणता येईल तेवढं तो म्हणत होता. फायरमनने डोक्याचा काळा पडलेला रुमाल सोडला आणि बाहेर लोंबकळून तो हलवायला लागला.

मोठी गाडी हलली.

ती त्यांच्याच दिशेने येत होती. तिच्या ड्रायव्हरने हात वर केला आणि झोकात एक शिटी दिली. फायरमनचा हात तिथेच थांबला.

"दाजी, खास डबा आहे मागे. त्यांना वाटतंय, साहेब आलाय."

खास डबा लावला की हा मैलभर शिटी वाजवत जायचं, हा साहेबाचाच जुना शिरस्ता होता. साहेब येतोय हे सरकारी लोकांना कळायला हवं, म्हणून. साहेब यायचा, मालाची चढउतार बघायचा आणि परत फिरायचा. त्याच्यासाठी मोठी गाडी कधी थांबली नव्हती.

ड्रायव्हरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आजवर त्या शिट्या त्यानेच वाजवल्या होत्या. त्याने दोरी सोडली आणि ओरडायला लागला, बाई आहे, बाई आहे आत. दोन इंजिनं एकमेकांशेजारून गेली आणि त्या खडखडाटात त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नाही.

मोठ्या गाडीच्या शेवटच्या डब्याच्या दारात तिचा गार्ड उभा होता. पडदे ओढलेला खास डबा समोर येताना पाहून त्याने कोटाची गुंडी लावली, ताठ उभा राहिला आणि सलाम ठोकला. डबा मागे पडून दिसेनासा होईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही.